सात नंबरची रेघ

"सात?"

दारातून हवालदाराचा खणखणीत आवाज आला तशी ती दचकली. उत्तर ठरलेलं होतं, रोजचंच होतं, पण आज ते तोंडातून फुटेना.

"अहो ताई, सात! उभ्या उभ्या डुलकी लागली की काय?"

"जागेवर," ती म्हणाली.

"मग जरा मोठ्यानं बोला की! चित्र गेलंबिलं की काय म्हणून माझ्या पोटात गोळा आला." असं म्हणत तो पुढच्या दालनाकडे वळलासुद्धा. "आठ?"

"जागेवर!" पलीकडून उत्तर आलं. नऊ, दहा, अकरा करत आवाज लांब गेला आणि जिन्याशी विरून गेला.

त्या चित्रसंग्रहालयाची ही जुनी रीत. दारं उघडायच्या आधी मुख्य राखणदाराने दालनादालनाच्या उंबऱ्यावर उभं राहून नंबर पुकारायचा आणि आतल्या माणसाने प्रत्येक चित्रावर नजर फिरवून उत्तर द्यायचं. डाग, ओरखडा, कोपऱ्यात उडालेला पोपडा, अगदी चौकटीवर बसलेली माशी दिसली तरी 'जागेवर' म्हणायचं नाही. मुख्य राखणदाराला सगळे हवालदार म्हणत. पोलिसात तो एक दिवसही नव्हता, पण मिशा तशा होत्या आणि ओरडणंही तसंच. तिला तो ताई म्हणे आणि बाकीचे सातवाली. सात नंबरच्या दालनात एकच चित्र होतं आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची. त्या खुर्चीवर तिने स्वतः शिवलेली उशी होती. पहिली उशी बसून बसून विटली, तेव्हा तिने दुसरी शिवली होती.

आता तुम्ही म्हणाल, एका चित्राला सांभाळायला एक अख्खी बाई कशाला? तर ते चित्रच तसं होतं. उंचीला माणसाएवढं, रुंदीला दोन्ही हात पसरले तर पुरतील न पुरतील असं. शिळ्या लोण्यासारखा पिवळा रंग सगळीकडे. त्यावर तीन तांबडे गोळे, वरच्या कोपऱ्यात निसटून चालल्यासारखा एक निळा, आणि खाली डावीकडून वर उजवीकडे गेलेली एक काळी रेघ. बस्स. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा चित्र म्हणजे कशाचं तरी चित्र असंच जग धरून चाललं होतं, तेव्हा एका माणसाने कशाचंच नसलेलं हे चित्र काढलं होतं.

आणि आज सकाळी त्या चित्रातली रेघ वाकलेली होती.

मधोमध, जिथे ती तांबड्या गोळ्याशेजारून वर जाते ना, तिथे. दोरीवर ओले कपडे टाकले की ती जशी झोल खाते, तशी. सातवाली चित्रासमोर बांधलेल्या दोरखंडापर्यंत पुढे गेली, मान तिरकी केली, पुन्हा मागे आली. झोल होताच. कापड सैल पडलं असेल का? दमट हवेत कापड सैल पडतं, हे तिने ऐकलं होतं. कापड सैल पडलं म्हणजे रंग तडकणार. आणि येत्या सोमवारी हे चित्र पेटीत बसून समुद्रापार एका मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. नव्या कलेचा जन्म कसा झाला ते दाखवणारं प्रदर्शन, आणि त्यात पहिल्या भिंतीवर पहिलं चित्र हे. सगळं संग्रहालय गेले काही महिने त्याच गडबडीत होतं.

मग तिने 'जागेवर' का म्हटलं? तेच तर! तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. आतून कुणीतरी म्हणालं, थांब, घाई करू नकोस, आधी नीट बघ. आणि ती दिवसभर बघत बसली.

दुपारी पोपट आला. पोपट म्हणजे गाईड. पाठ केलेलं घडाघडा बोलायचा म्हणून हे नाव, पण बोलायचा मात्र जीव ओतून. त्याच्यामागे पाहुण्यांचा घोळका.

"या चित्राआधी," पोपट म्हणाला, "रेघ नेहमी कशाची तरी असायची. क्षितिजाची, भिंतीची, नाकाची. ही रेघ कशाचीच नाही. ही नुसती रेघ आहे! पहिल्यांदा मांडलं तेव्हा लोक पोट धरून हसले. मग कितीतरी वर्षं हे एका कोठारात भिंतीकडे तोंड करून पडून होतं. आणि आज? आज सगळे जाणकार म्हणतात, या रेघेच्या अलीकडे जुनी कला आणि पलीकडे नवी. फूटपट्टी न लावता, एका दमात ओढलेली आहे ती. बघा, कुठे हललीय का?"

घोळक्यातला एक जाडजूड गृहस्थ म्हणाला, "आमच्या घरी पोरं भिंतीवर रोज काढतात असली चित्रं. बायको धपाटे घालते त्यांना."

सगळे हसले. पोपटही हसला, त्याला सवय होती. ती हसली नाही. ती त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. एवढी माणसं रेघेकडे टक लावून होती. चष्मेवाली होती, बिनचष्म्याची होती, टिंगल करणारीही होती. पण वाकडी आहे असं एकाच्याही तोंडून आलं नाही. टिंगल करणाऱ्याने तर पहिल्यांदा तेच म्हटलं असतं.



घरी तिचा नवरा चहा टाकून वाट बघत असे. तो फरशी बसवणारा. आता गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे घरातच असायचा, पण उभ्या आयुष्यात त्याने गावातल्या निम्म्या घरांची जमीन घातली होती आणि रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या पायऱ्या बघून नाक मुरडायची त्याची खोड काही गेली नव्हती. चित्राला तो 'तुझं सासर' म्हणायचा. "सासरी आज काय विशेष?" हा त्याचा रोजचा प्रश्न.

त्या संध्याकाळी ती कप हातात धरून जमिनीकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "अहो, ही फरशी इथे वाकडी बसलीय का?"

झालं! त्याने कप खाली ठेवला.

"काय म्हणालीस?"

"ही ओळ हो. मोरीकडे जाताना मधे वळल्यासारखी वाटते."

"माझी फरशी? वाकडी? अगं, या स्वयंपाकघरात मी तीन दिवस पालथा पडून होतो. तुझा भाऊ साक्षीला आहे. वाकडी म्हणे!" गुडघे विसरून तो उठला, माळ्यावरची अवजारांची पिशवी काढली, त्यातून सूत काढलं आणि एक टोक तिच्या हातात दिलं. "धर. तिकडे उंबऱ्याला लाव. ताण. आता बघ."

त्याने दुसरं टोक मोरीशी टेकवलं. सूत ताणून तारेसारखं झालं. त्याने नखाने टिचकी मारली तेव्हा ते वाजलंसुद्धा.

"आता बोल. फरशी वाकडी का तुझी नजर वाकडी?"

तो चेष्टेत म्हणाला होता. मग त्याने मान वर करून पाहिलं. ती सुताकडे बघत होती. तिने एक डोळा हाताने झाकला, मग तो सोडून दुसरा झाकला. मग परत पहिला.

"काय गं?"

"सूतपण वाकलंय," ती म्हणाली. "उजव्या डोळ्याने बघितलं की वाकतं. मधे धुरकट डाग आहे, आणि त्याच्या आजूबाजूला सगळं वाकतं."

तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. सूत दोघांच्या हातात तसंच ताणलेलं होतं. मग त्याने आपलं टोक सोडून दिलं.

"उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"सोमवारनंतर."

"सोमवारनंतर का? मुहूर्त आहे का?"

"चित्र जाऊ दे. ते गेलं की जाऊ. आत्ता गेले की कळणार, आणि कळलं की मला खाली पाठवणार."

खाली म्हणजे तळघरात. तिथे पाहुण्यांच्या पिशव्या, कोट आणि छत्र्या ठेवून घ्यायचा काउंटर होता. चार नंबरचे मामा असेच खाली गेले होते. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, आणि संग्रहालयाचे साहेब अगदी गोड बोलून म्हणाले, तुम्ही आता जरा आराम करा. मामांनी हिवाळाभर लोकांच्या छत्र्या सांभाळल्या आणि मग यायचेच बंद झाले. कुणी विचारलं तर म्हणत, खाली ऊन येत नाही हो. सातच्या छताला दुधी काच होती. दुपार कलली की तिच्यातून उजेड पाझरून पिवळ्या रंगावर उतरायचा आणि ते सगळं चित्र आतून दिवा लावल्यासारखं व्हायचं. ते बघायचं सोडून छत्र्या?

खरं तर या दालनात तिची बदली झाली तेव्हा ती रडली होती. त्याआधी ती तीन नंबरमध्ये होती, जुन्या मोठ्या माणसांच्या तसबिरींत. तिथे कशी सोबत असायची. इथे काय? गोळे आणि रेघ! पण मग तिची आई गेली. तेराव्या-चौदाव्या दिवशी ती कामावर परत आली, तेव्हा ज्याला त्याला तिला काहीतरी विचारायचं होतं. कसं झालं, कधी झालं, दवाखान्यात नेलं होतं का. ती सातमध्ये येऊन बसली आणि समोरच्या चित्राने तिला काहीही विचारलं नाही. त्याला चेहराच नव्हता. ती दिवसभर त्या रेघेकडे बघत बसली आणि संध्याकाळी उठली तेव्हा तिला श्वास नीट घेता येत होता. त्या दिवसापासून ते चित्र तिचं झालं. कुणी हसलं तर तिला राग यायचा आणि कुणी मनापासून थांबलं तर त्याच्यासाठी चहा करावा असं वाटायचं.

म्हणून ती गप्प बसली. मूग गिळून बसली म्हणा हवं तर.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. सकाळी हवालदाराने 'सात?' म्हटलं की ती मान जराशी वळवून डाव्या डोळ्याने चित्र भराभर चाचपून घ्यायची आणि 'जागेवर' म्हणायची, तेही जरा जास्तच मोठ्याने. खुर्ची तिने वीतभर पुढे सरकवली. पाहुण्यांशी बोलताना भिंतीकडे बघून बोलायला लागली. एकदा एका बाईने तिला स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं, तर हिला तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता करडा धूर दिसला. कानातल्या दोन रिंगा तेवढ्या दिसत होत्या. तिने हाताने दिशा दाखवली आणि मग खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

डावा डोळाही कधी कधी चुकतोय असं वाटायचं. मग ती खिडकीच्या चौकटी मोजायची, दाराची उभी कड बघायची. कड सरळ असली की जीव भांड्यात पडायचा आणि थोड्या वेळाने परत शंका यायची. दुपारी घोळका आला की मग विचारूच नका. आधी ती नुसत्या नजरेने माणसं मागे सरकवायची. आता तिला सगळ्यांचे फक्त खांदे नि कोपर दिसायचे. दोरखंडाच्या आत कुणाचा हात गेला का, हे कळायला मान गरागरा फिरवायला लागायची.

नवरा रोज म्हणायचा, "सांगून टाक बाई. डोळा जाईल तुझा."

"शनिवारपर्यंत. शनिवारी तपासणी आहे, सोमवारी पेटी बंद. मग तुम्ही म्हणाल तिथे येते."

"आणि तोवर कुणी त्याला बोटं लावून गेलं तर?"

त्या प्रश्नापासूनच तर ती पळत होती. "तुम्ही वाईट बोलू नका," एवढंच ती म्हणाली आणि ताट बाजूला सारून उठली. त्या दिवशी दोघंही अर्धपोटीच झोपली.

शनिवारी पाहुण्यांसाठी दारं लवकर बंद झाली आणि डॉक्टर आला. हा डॉक्टर चित्रांचा. फाटकं कापड सांधायचं, उडालेला रंग बसवायचा, मळ काढायचा, असली कामं तो करायचा. पांढरा डगला घालायचा आणि चित्रांशी हळू आवाजात बोलायचा, म्हणून डॉक्टर. सोबत हवालदार होता. त्याच्या हातात शिडी.

डॉक्टरने दोरखंड बाजूला केला, बॅटरी पेटवली आणि तिरका उजेड चित्रावर टाकत इंचाइंचाने सरकू लागला. ती खुर्चीमागे उभी होती. उजेड कोपऱ्यातल्या निळ्यावर गेला, तांबड्यांवर गेला. "छान. छान आहे तब्येत," डॉक्टर पुटपुटत होता. तिच्या मनात उजळणी चालली होती. झालं, संपत आलं. आता रेघ तेवढी राहिली.

उजेड रेघेवर आला आणि थांबला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाला. त्याने नाक जवळजवळ चित्राला टेकवलं. "हवालदार, जरा इकडे या. रेघेला लागून, इथे. बोट लागल्यासारखं दिसतंय की नाही?"

"दिसतंय खरं," हवालदार म्हणाला.

"याच्या खाली कुठेतरी त्याचा स्वतःचा अंगठा उमटलाय, ते मला माहीत आहे. चित्रकाराचा. पण तो हाच का? जुन्या फोटोत नेमकी इथे सावली पडलीय." डॉक्टर मागे वळला. "ताई, तुम्ही सांगा. रोज तुम्ही बघता. हा जुनाच ना? जुना असेल तर तो त्याचा हात, त्याला मी शिवणार नाही. नवा असेल तर घाण आहे, आत्ताच काढायला हवी. प्रवासात रंगाला चिकटून बसली तर निघायची नाही."

ती पुढे आली. तिला डॉक्टरचा हात दिसत होता, डगल्याची बाही दिसत होती. पण बाहीच्या पुढे, जिथे बोट असायला हवं, तिथे धूर होता. तिने मान वळवली, डावा डोळा रोखला. पण डोळ्यात पाणी आलं होतं आणि काळं-पिवळं सगळं एकमेकांत मिसळलं.

"ताई?"

"जुनाच असणार," हवालदार म्हणाला. "रोज सकाळी बघून सांगतात त्या. काल सांगितलं, आज सांगितलं. डोळ्यात तेल घालून राखतात हे चित्र. ताई, सांगा की त्यांना, घरी जायचंय सगळ्यांना."

एक शब्द. 'जुना' म्हटलं की दोरखंड परत लागला असता, पेटी बंद झाली असती, आणि चित्र परत आल्यावर समोरच्या खुर्चीवर तीच असती. तिच्या शब्दावर दोघंही डोळे मिटून विश्वास ठेवणार होते, त्यांना शंकाही येणार नव्हती. आणि कुणास ठाऊक, जुना असेलही! मग कुणाचं काय बिघडलं?

पण नसेल तर? कुणा परक्याचा चिकट हात त्या रेघेला कायमचा चिकटून राहणार. किंवा उलटं, तिने नवा म्हणायचं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा अंगठा, त्या लोकांनी हसून बेजार केलेल्या माणसाचा अंगठा, डॉक्टर कापसाने पुसून टाकणार.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मला तिथे काही दिसत नाही."

"म्हणजे ठसा नाही म्हणता?"

"ठसा नाही, तुमचं बोट नाही, रेघ नाही. मला मधलं काही दिसत नाही. उजवा डोळा गेलाय माझा, डाव्याचाही भरवसा नाही." आणि मग तिला थांबता आलं नाही. "आठवडा झाला. मी सांगितलं नाही. रोज सकाळी जागेवर म्हणत होते."

हवालदाराने शिडी भिंतीला टेकवली.

तीच पुढे म्हणाली, "त्याचा अंगठा तिरका आहे. रेघेच्या खालच्या अंगाला, वरती निमुळता होत गेलेला. मला दिसत होतं तेव्हापर्यंत तो एकटाच होता. तुम्ही बघा, एक आहे का दोन."

डॉक्टरने परत बॅटरी धरली. त्याला वेळ लागला. त्याने भिंगही काढलं.

"दोन आहेत," तो हळूच म्हणाला. "खालचा त्याचा. हा वरचा नवा आहे."

नवा. म्हणजे याच आठवड्यातला. म्हणजे कुणीतरी आलं, दोरखंडावरून वाकलं, रेघेवर बोट फिरवून गेलं, आणि ती समोरच बसलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. ती खुर्चीवर बसली आणि ओंजळीत तोंड झाकून रडली. इतकी की हवालदाराला काय करावं कळेना. तो तिच्यासाठी पाणी आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"आधी बोलायचं नाही का, ताई?" तो म्हणाला. "मी काय परका होतो? मी पुकारत होतो ना रोज!" त्याच्या मिशा थरथरत होत्या. रागाने की कशाने, ते तिला दिसलं नाही.

डॉक्टरने कापसाचा एवढासा बोळा काडीला गुंडाळला, कसल्याशा पाण्यात बुडवला आणि कामाला लागला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "निघतंय. ताजंय म्हणून निघतंय. सोमवारनंतर हे रंगात बसलं असतं."

चित्र सोमवारी गेलं आणि मंगळवारी तिला खाली पाठवलं. साहेब गोडच बोलले.

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, उजव्या डोळ्याचा मधला भाग परत यायचा नाही. डाव्याला इंजेक्शनं देऊ, पण लक्ष ठेवायला हवं. रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने सरळ ओळींकडे बघायचं, आणि ओळ वाकली की त्याच दिवशी यायचं. त्यांनी चौकटी आखलेला एक कागदही दिला. नवऱ्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि घडी घालून ठेवून दिला. "कागदाचं काय कौतुक? माझी फरशी काय कमी सरळ आहे?"

तेव्हापासून सकाळी चहा ओतताना तो स्वयंपाकघरातून ओरडतो, "फरशी?"

ती उंबऱ्यात उभी राहते, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवते आणि मोरीपर्यंत गेलेल्या ओळीवरून नजर नेते. तो कप हातात धरून थांबतो. ती बोलेपर्यंत त्याला कप खाली ठेवायचंही भान नसतं.

"जागेवर," ती म्हणते. मग दोघं चहा पितात.

पावसाळा सरताना चित्र परत आलं. हवालदार स्वतः तळघरात आला. "चला," एवढंच म्हणाला. दारं उघडायला अवकाश होता. सातमध्ये तिच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसली होती, ती पटकन उठून उभी राहिली. उशी तीच होती. सातवाली चित्रासमोर गेली. पिवळा दिसला, निळा कोपऱ्यात दिसला, तांबड्यांपैकी दोन दिसले. रेघ खालून निघाली, मधे वाकली, धुरात गेली आणि पलीकडे कुठेतरी वर निघाली. डावा डोळाही आता मधेमधे दगा देत होता. हे तिने नवऱ्याला आणि डोळ्यांच्या डॉक्टरला सांगितलं होतं. आता ती काही लपवत नव्हती.

"कुणी शिवू देऊ नकोस हं," ती मुलीला म्हणाली. "रेघेजवळ फार वाकतात लोक."

"हो, मावशी."

मग ती खाली आली आणि काउंटरमागे उभी राहिली.

दुपारी एक म्हातारा गृहस्थ वरून आला. पिशवी मागितली, छत्री मागितली, पण घेऊन जाईना. तिथेच घुटमळत राहिला.

"बाई, एक विचारू? तुम्हाला काय माहीत असणार म्हणा. पण वर ते पिवळं चित्र आहे ना, ते बघायला मी फार लांबून आलो. तासभर उभा होतो. आता इथे आलो आणि मनात शंका आली. ती काळी रेघ अगदी सरळ आहे, का मधे किंचित वाकवलीय त्याने? माझी नजर आता तेवढी राहिली नाही. परत जिने चढायचं अवसानही नाही."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा तिला दिसला नाही. दोन्ही बाजूंचे पांढरे केस तेवढे दिसले.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. कुठेही वाकलेली नाही. निघते ती थेट वर जाते."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "मलाही तसंच वाटलं होतं."

तिने हाताने चाचपून त्याच्या छत्रीची मूठ शोधली आणि छत्री त्याच्या हातात दिली.